पिनांचा घोस

पहिल्या विमानप्रवासात तपासणीच्या पडद्याआड एका मुलीने माझ्या कमरेवरून हात फिरवला, तेव्हा मी केवढी फणकारले होते! "मी काय चोर दिसते?" बाहेर ह्यांना हसू आवरेना. काय तो तेव्हाचा तोरा बाईसाहेबांचा! जणू साऱ्या जगाला हिच्याच अंगाला हात लावायची घाई.

आता हे नाहीत, लेक परमुलखात. माझ्या अंगाला हात लागतो तो डॉक्टरांचा, तोही नाडीपुरता. म्हणून आज लेकीकडे निघताना बांगडीत मुद्दाम पिनांचा घोस ठेवला. यंत्र ओरडेल, मग कुणीतरी खांद्यापासून पाठीपर्यंत सावकाश चाचपेल.

"तुलाही तपासतात का गं?" विमानतळावर तपासणीपाशी उभ्या मुलीला मी विचारलं.

"रोज, आजी. ड्यूटीवर येताना. माझी मैत्रीणच तपासते, मेली गुदगुल्या करते."

रोज! मला तिचा हेवा वाटला.

तिने काचेच्या खोलीसारख्या नव्या यंत्राकडे बोट दाखवलं. मी आत जाऊन हात वर केले. पडद्यावर माझी बाहुली उमटली आणि तिच्या मनगटाशी एक ठिपका.

"पिनाच आहेत. जा, आजी. आता हात लावावा लागत नाही."

मी बाहेर आले, तरी हात वरच होते.

"आजी, खाली घ्या ना हात," मागचा माणूस म्हणाला. "झालं तुमचं."