उंदराची नजर

नवीन प्रकल्पाचे पहिले दोन दिवस वॉरिक टॅनर पाइपची एकही रेघ काढत नसे. केर्न्स शहरातल्या आमच्या लहानशा ऑफिसात आम्ही इमारतींच्या पोटातलं आखतो: पाणी, सांडपाणी, वीज, थंड हवा. बाकीचे सॉफ्टवेअर उघडलं की रेघा ओढत सुटायचे. वॉरिक आधी आर्किटेक्टचं मॉडेल जोडून घ्यायचा, त्याचे मजले आपल्या मजल्यांशी जुळतात का ते चारदा तपासायचा, आणि मग व्ह्यू मांडत बसायचा. इमारत एकच, पण तिच्याकडे बघायच्या खिडक्या वेगवेगळ्या. दिव्यांसाठी वर छताकडे बघणारी, नळांसाठी खाली बघणारी. प्रत्येक प्रकल्पात एका व्ह्यूला तो हट्टानं 'उंदीर' असं नाव द्यायचा. त्या व्ह्यूची नजर जमिनीपाशी थांबत नसे, आणखी दीड मीटर खाली जाई. सांडपाण्याचे पाइप तिथंच असतात.

"दोन दिवस झाले, वॉरिक. आज काही दिसेल का आम्हाला?" आमचा साहेब डीन विचारायचा.

"दिसायचीच सोय करतोय," वॉरिक मान वर न करता म्हणायचा.

तीस वर्षं प्लंबिंग करून गुडघे कामातून गेले, तेव्हा त्रेपन्नाव्या वर्षी तो या खुर्चीत आला. दोन बोटांनी टाइप करायचा. मी शेजारच्या टेबलावर विजेचं काम बघायची. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला तो भयंकर कंटाळवाणा वाटला.

मग नदीपलीकडच्या त्याच्याच गावातल्या दवाखान्याचं काम आलं. डायलिसिसच्या चार खुर्च्या. त्याची बायको ग्लेनिस, तिची मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा वॉरिक तिला दीड तास गाडी हाकत केर्न्सला आणायचा आणि दुपारी लवकर निघून परत न्यायचा. इकडच्या पावसाळ्यात, म्हणजे डिसेंबरपासून, नदी रस्त्यावर चढली की ते जमत नसे. मागच्या वर्षी ग्लेनिस दहा आठवडे शहरात भाड्याच्या खोलीत एकटी राहिली होती. दवाखाना डिसेंबरच्या आत उभा राहावा आणि यंदा तिला आपल्या घरी झोपता यावं, एवढंच त्याला हवं होतं. त्या प्रकल्पाची मांडणी करायला त्यानं तीन दिवस घेतले, आणि डीनही काही बोलला नाही.

ऑगस्टमध्ये डायलिसिससाठी ग्लेनिसच्या हाताची शस्त्रक्रिया होती म्हणून वॉरिक आठवडाभर रजेवर गेला. नेमके तेव्हाच नकाशे साइटवर पाठवायचे होते. "सगळे एकसारखे दिसू देत," डीन मला म्हणाला. मी ऑफिसची ठरलेली मांडणी एका फटक्यात सगळ्या व्ह्यूंना लावून टाकली. ती मांडणी जमिनीपर्यंतच बघते. उंदराचा नकाशा एकदम मोकळा झाला, आणि मला तो आवडलाही. मॉडेलमध्ये पाइप जिथल्या तिथं होते, त्यामुळे तपासणीतही काही निघालं नाही. कागदावर मात्र ते नव्हते, आणि साइटवर कागदच जातो.

तीन आठवड्यांनी, पावणेपाचला वॉरिकचा फोन आला. घरी जाताना साइटपाशी तो रोज गाडी हळू करायचा. त्या दिवशी थांबला होता.

"टॅरिन, उंदीर उघड."

उघडला. "रिकामा आहे," मी म्हणाले.

"मॉडेल बाजूनं कापून बघ."

कापलं. जमिनीखाली चार खुर्च्यांच्या सांडपाण्याचे चार पाइप त्यानं मांडले होते तसेच निमूट पडलेले होते.

"आहेत," मी म्हणाले. "नुसते दिसत नाहीयेत."

"इथं सळ्या बांधून झाल्यात. संडासाचा पाइप आहे, तो वेगळ्या कागदावर होता. खुर्च्यांचा एकही नाही. सकाळी सहाला काँक्रीट येतंय." मागून ग्लेनिस काहीतरी विचारत होती. "नजर परत दीड मीटर खाली घे आणि कागद मुकादमाला पाठव. तोवर मी त्याला बोलण्यात गुंतवतो."

काँक्रीट थांबलं. सळ्या उचकटून पाइप टाकायला आठ दिवस गेले. स्लॅब पडला असता तर तो फोडण्यातच पावसाळा आला असता.

सोमवारी डीननं सगळ्यांना बोलावलं. "हे कुणी केलं?"

"व्ह्यू माझा," वॉरिक म्हणाला. "जाण्याआधी मी त्याला कुलूप घालायला हवं होतं."

मी चहाच्या कपात बघत राहिले. नोकरीत कायम होऊन मला दोन महिनेही झाले नव्हते, असं मी नंतर स्वतःला खूपदा सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. त्यानंतर डीननं नव्या प्रकल्पांची मांडणी वॉरिककडून काढून घेतली. निवृत्तीला सहा महिने उरलेला माणूस, दुसऱ्यांनी मांडलेल्या व्ह्यूंमध्ये मुकाट पाइप ओढत बसायचा. मी रोज ठरवायची, आज बोलू. रोज काहीतरी निमित्त निघायचं.

नोव्हेंबरच्या शेवटी दवाखाना उघडला. मी भोपळ्याचे स्कोन भाजून घेऊन गेले. ग्लेनिस खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीत बसली होती, बाहेर समोर उसाचं शेत. वॉरिक बाहेर मुकादमाशी बोलत होता.

"ग्लेनिस, ती नकाशाची चूक..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "फाइलमध्ये शेवटचा हात कुणाचा ते दिसतं म्हणे. त्यानं दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या बघितलं."

"मग डीनला का नाही सांगितलं?"

"म्हणाला, ती स्वतः सांगेल." नळी लावलेला हात न हलवता तिनं दुसऱ्या हातानं स्कोन घेतला. "गाडीत दर वेळी विचारायचे मी, सांगितलं का तिनं? तो म्हणायचा, आज नाही. पण सांगेल. काल मी त्याला म्हटलं, आता विचारणार नाही बाई मी. तुलाच वाईट वाटतं."

मला रडू आलं. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं आणि उसाकडे बघत खात राहिली.

मी फोन काढला आणि तिच्यासमोरच डीनला लावला.