करड्या शाईचे मेहेंदळे

बाळ मेहेंदळ्यांना हिरव्या रंगाचा भारी राग होता. झाडाचा, पालेभाजीचा हिरवा त्यांना चालायचा. चालायचा नाही तो प्रिंटरमधून निघणाऱ्या काळ्या-पांढऱ्या फोटोत चोरपावलांनी शिरणारा. ट्यूबलाइटखाली फोटो हिरवट दिसायचा, आणि तोच गॅलरीत उन्हात नेला की गुलाबी. हातात एकच फोटो घेऊन मेहेंदळे बैठकीच्या खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून पुन्हा आत अशा येरझारा घालायचे. समोरच्या इमारतीतल्या बाईंना वाटायचं, ह्यांच्या घरी कुणाचं तरी दुखणं विकोपाला गेलंय.

माणूस तसा सरळ. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, यंत्रांची चित्रं काढण्यात हयात गेली. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि कुणी ढकलायच्या आत मेहेंदळे आपणहून बाहेर पडले. त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही, पण खरं दुःख निराळंच होतं. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटच्या न्हाणीघरात तरुणपणापासून ते दर रविवारी खिडकीला काळं कापड लावून, लाल दिव्यात फोटो धुवायचे. ते न्हाणीघर श्यामलाबाईंनी नव्या टाइल्स बसवताना कायमचं काढून घेतलं. "आता ह्या वयात मला औषधांच्या वासात आंघोळ करायची नाही," असं त्या म्हणाल्या. श्यामलाबाई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं म्हणजे परिपत्रकच. फोटोचा कागदही बाजारात मिळेनासा झाला होता. मेहेंदळ्यांनी फारशी हुज्जत घातली नाही.

बापाचं उतरलेलं तोंड बघून मुलगा आमोद, जो हिंजवडीला आयटीत होता, एक दिवस स्कॅनर आणि शाईचा प्रिंटर घेऊन आला. "बाबा, अंधार नको, पाणी नको, वास नको. बटण दाबा, फोटो घ्या."

मेहेंदळ्यांनी पहिला फोटो काढला तो बायकोचा. निवृत्तीनंतर श्यामलाबाईंनी केसांना कलप लावणं सोडलं होतं. केस कुठे पांढरे, कुठे धुरकट, कानामागे अजून काळेभोर. मेहेंदळ्यांना बायको इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. पण सदाशिव पेठेत असलं काही नवरे बोलून दाखवत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "बरी दिसतेस."

"काय हवंय?" श्यामलाबाईंनी विचारलं.

त्या मेथी निवडत असताना त्यांनी गुपचूप फोटो काढला, बटण दाबलं, आणि प्रिंटरमधून बाई बाहेर आल्या त्या हिरव्या केसांच्या.

"शेवाळ धरलंय डोक्यावर," श्यामलाबाई म्हणाल्या. मग फोटो पालथा ठेवून, वेगळ्याच आवाजात, "आणि काळा-पांढरा कशाला काढलात? तो मी गेल्यावर करा. हार घालायला."

ही थट्टा नव्हती. श्यामलाबाई नऊ वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. आईचा मोठा फोटो घरात कधी नव्हताच. तेराव्यानंतर वडील स्टुडिओतून मोठा करून घेऊन आले, काळा-पांढरा, चौकटीत बसवलेला. आई गेली आणि फोटो आला, असं त्या मुलीच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. तोच फोटो चंदनाच्या हारासकट आता ह्या घराच्या भिंतीवर होता. मेहेंदळ्यांना हे सगळं ठाऊक होतं. तरीही बायकोचे ते केस कागदावर जसेच्या तसे उतरवायचे, ही एकच हौस त्यांच्या मनाला चिकटून बसली.

हिरव्याचं मूळ आमोदने शोधून काढलं. प्रिंटरकडे काळी शाई एकच. मधल्या सगळ्या करड्या छटा तो निळी, लाल आणि पिवळी शाई कालवून जमवतो. "म्हणजे करडा ह्याच्या घरचा नाहीच," मेहेंदळे म्हणाले. "तीन शेजाऱ्यांकडून उसना आणतो, आणि एखाद्याचं माप जास्त पडलं की झाला हिरवा!" इंटरनेटवर असेही लोक सापडले जे प्रिंटरमधले रंग साफ काढून टाकतात आणि त्यांच्या जागी नुसत्या करड्या शाया भरतात, गडद, मध्यम, फिकट. मेहेंदळ्यांना त्या रात्री झोप लागली नाही.

आमोद कंपनीच्या कामाला अमेरिकेला गेला, तो येताना मोज्यांत गुंडाळून बाटल्या घेऊन आला. विमानतळावरच्या साहेबाने विचारलं, काय आहे? शाई. रंग कोणता? ह्यात करडा, ह्यातही करडा, ह्यात जरा फिकट करडा. साहेबाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि जाऊ दिलं. सगळ्यात फिकट बाटली उजेडात धरून श्यामलाबाई म्हणाल्या, "इतक्या लांबून भांडी विसळलेलं पाणी आणलंस होय रे?"

मेहेंदळ्यांनी इंजेक्शनच्या सिरिंजने शाया भरल्या. पहिला फोटो काढला प्रेशर कुकरचा, कारण बायको बसायला तयार नव्हती. कुकरच्या पोटावरची चमक, कडेची सावली, शिट्टीखालचा अंधार, सगळं नुसतं करडं आणि तरी सगळं वेगवेगळं. ट्यूबलाइटखाली बघितला, उन्हात बघितला. कुकर बदलला नाही. मेहेंदळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कुकर बघून रडणारा नवरा बघून श्यामलाबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्या शाईचा एक जाच होता. रोज थोडं काहीतरी छापलं नाही, तर शाई वाळून प्रिंटरची बारीक भोकं बुजायची. म्हणून मेहेंदळे देवपूजेसारखा रोज एक फोटो छापायचे. मिक्सर झाला, चपला झाल्या, पर्वतीच्या पायऱ्या झाल्या, मंडईतली वांगी झाली.

"घरातली भांडी संपत आली, माणूस मात्र एकही नाही," श्यामलाबाई म्हणाल्या.

"माणूस बसत नाही ना."

"बसणारही नाही."

अशात वैजनाथची साठी आली. वैजनाथ मूळ बार्शीकडचा. मेहेंदळ्यांच्याच कारखान्यात स्टोअरला होता, आता मांजरी गावात घर बांधून राहिला होता. उमद्या स्वभावाचा माणूस, आणि मिशा अशा की करड्या शाईचं सोनं व्हावं. मेहेंदळ्यांनी त्याचा मोठा फोटो छापला, चौकटीत बसवला आणि स्वारगेटजवळच्या ज्या हॉलमध्ये सत्कार होता तिथे सकाळीच नेऊन स्टेजसमोर टेबलावर उभा केला. मग ते मिठाई आणायला गेले.

हॉलवर महिपती नावाचा देखरेखीचा माणूस होता. त्याला टेबलावर काळा-पांढरा फोटो दिसला. शेजारी सत्काराचे हार येऊन पडलेले. कामाला चोख असलेल्या महिपतीने फोटोला त्यातला चांगला जाडसर हार घातला, समई लावली, उदबत्त्या खोचल्या, आणि खुर्च्या एका बाजूला सरकवून सतरंजी अंथरली.

पहिली पाहुणी आली ती वैजनाथची थोरली बहीण, सोजरबाई. बार्शीच्या एसटीतून स्वारगेटला उतरून थेट हॉलवर. दारातूनच तिला हार दिसला, समई दिसली, आणि तिने असा हंबरडा फोडला की रस्त्यावरचे रिक्षावाले आत धावले. तेवढ्यात मागून गुलाबी फेटा बांधलेला वैजनाथ पळत आला.

"अक्का! अगं मी हाय! हितं हाय!"

सोजरबाईने मागे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि भावाच्या पाठीत धपाटा घातला. "मग ह्यो कोण मेलाय?"

महिपतीला बोलावलं, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, काळा-पांढरा फोटो होता. मला वाटलं, हार घालायचा राहिलाय."

मिठाईचे बॉक्स घेऊन मेहेंदळे तिथे पोचले तेव्हा सगळा हॉल हसत होता. वैजनाथ सगळ्यांत जास्त. पण त्याच्या बायकोने फोटो घरी न्यायला साफ नकार दिला. मेहेंदळे चौकट काखेत घेऊन परत आले, पलंगाखाली भिंतीकडे तोंड करून सरकवली आणि प्रिंटरवर जुना टॉवेल टाकला.

"तू म्हणत होतीस ते खरं होतं," ते बायकोला म्हणाले.

श्यामलाबाईंना ह्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सकाळी चहाच्या वेळी प्रिंटरची ती कर्र-कर्र ऐकू येईना. मेहेंदळे पेपर वाचायचे, तोच पुन्हा वाचायचे, गॅलरीत जायचे आणि मोकळ्या हातांनी परत यायचे. असा नवरा त्यांना बघवेना.

एका दुपारी, सगळी पेठ झोपलेली असताना, श्यामलाबाईंनी त्यांच्यासमोर एक फोटो ठेवला. भावाकडून मागवून घेतला होता. मामाच्या मुंजीतला, माणसांनी गच्च भरलेला, जुना. कडेला एक बाई उभी होती, तिचा चेहरा जेमतेम चिंचोक्याएवढा.

"ही आई. ह्याच्यावरूनच स्टुडिओवाल्याने तो मोठा केला होता. काही दिसेना म्हणून भुवया-डोळे ब्रशाने काढले, तोंड मिटवलं." त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "मला आईचा चेहरा आता आठवतच नाही हो. आठवते ती भिंतीवरची बाई. तुम्ही करा काहीतरी. नाहीतरी शाई वाळून चालली असेल."

वाळलीच होती. मेहेंदळ्यांनी प्रिंटर धुऊन-पुसून रुळावर आणला. फोटो त्यांनी फार मोठा केला नाही, तळहाताएवढाच ठेवला. जिथे दिसत नव्हतं तिथे काढायला गेले नाहीत, सावली आहे तशी राहू दिली. कागद मुंगीच्या पावलांनी बाहेर यायला लागला. आधी केस, मग कपाळ, मग डोळे, बारीक झालेले. मग तोंड. आई हसत होती. वरचा एक दात थोडा पुढे होता, श्यामलाबाईंचा आहे तसाच.

श्यामलाबाई खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे लुगडं अंजिरी होतं."

"तुला कसं कळलं?"

"दिसतंय की." आणि मग त्या रडायला लागल्या, लहान मुलीसारख्या, आवाज करून. मेहेंदळ्यांना बायकोला जवळ घ्यायचं होतं, पण फोटो ओला होता आणि तो दोन्ही हातांनी कडांना धरलेला. ते तसेच तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

भिंतीवरची चौकट उतरली. नवा फोटो लागला, बिनहाराचा. दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामलाबाई केस विंचरून बैठकीच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "कुठे बसू? हसायचं का?"

"नको," मेहेंदळे म्हणाले. "मेथी निवड."

महिन्याभराने वैजनाथ मांजरीहून उसाची मोळी घेऊन आला. मेहेंदळ्यांनी दार उघडलं. वैजनाथची नजर भिंतीवर गेली. आईच्या फोटोशेजारी श्यामलावहिनी, काळ्या-पांढऱ्या. त्याने मोळी दारातच ठेवली, चपला काढल्या, हात जोडले.

"मेहेंदळेसाहेब... कधी झालं हो? कळवलं पण नाही."

मेहेंदळ्यांना काही उमगायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला. "कळवणारच होते, पण चहा टाकलाय. साखर किती घालू?"

वैजनाथ मटकन खाली बसला आणि हसून हसून त्याच्या मिशा ओल्या झाल्या. चहा पिताना मात्र त्याची नजर भिंतीवरून हलेना. "पण वहिनींचं केस काय आल्यात राव," तो म्हणाला.

"तिचे आहेतच तसे सुंदर," मेहेंदळे म्हणाले. स्पष्ट, मोठ्याने, परक्या माणसादेखत.

श्यामलाबाईंनी कप गोळा करता करता मान वर केली. "काय हवंय?"

"काही नको," मेहेंदळे म्हणाले.