दोन केतुत आणि एक क्ष

...तर घंटा त्या दिवशीही बारा मिनिटं आधीच वाजली, इथवर आपण आलो होतो. पोरं उड्या मारत बाहेर, आणि सुकेर्तीबाई खडू धरून फळ्याशी तशाच उभ्या. घंटा वाजवणारा केतुत गेजिर त्याच वर्गातला विद्यार्थी. मागच्या बाकावरचा, वय वर्षं सत्तेचाळीस. बाईंनी उत्तर विचारलं, की त्याला नेमकी घंटेची आठवण व्हायची.

त्याचं असं झालं. बालीतल्या आमच्या गावच्या शाळेत घंटा म्हणजे ट्रकच्या चाकाची जुनी कडी, फणसाला टांगलेली. ती केतुतने एकवीस वर्षं वाजवली. मग वरून फतवा आला : शाळेचा शिपाई नववी पास हवा, नाहीतर पुढच्या सत्रापासून दुसरा माणूस. केतुतला नोकरीपेक्षा कडीची काळजी. "दुसरा कुणी वाजवणार? बडवून बडवून चिरफळ्या करेल तिच्या!" म्हणून तो वर्गात बसला. बाकीचे विषय कसेबसे सुटले, बीजगणिताने मात्र अडवून धरलं. परीक्षा तीन आठवड्यांवर.

गाडं रुतलं होतं एकाच जागी. क्ष अधिक क्ष बरोबर दहा. केतुतचं उत्तर : सहा आणि चार.

"अहो काका, दोन्ही क्ष सारखेच ना!"

"नाव सारखं आहे बाई, माणसं वेगळी. थोरल्याला सहा, धाकट्याला चार. रीतच आहे."

यात त्याचं तरी काय चुकलं? आमच्यात पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचव्याला पुन्हा वायान. केतुत घरातलं आठवं लेकरू. म्हणजे एकाच चुलीवर जेवणारे दोन केतुत. आईने "केतुत, डुकराला खायला घाल रे!" अशी हाक मारली, की हा म्हणे थोरल्याला मारली, थोरला म्हणे धाकट्याला, आणि डुक्कर बसे बोंबलत. एका नावाची दोन माणसं असतात हे तो रांगता रांगताच शिकलेला.

"शिवाय बाई," तो म्हणाला, "दोघांना पाच-पाच दिले तर थोरला जन्मात बोलेल का माझ्याशी?"

पोरं हसून लोळली. सुकेर्तीबाईंचं पहिलं नाव मादे, त्यांच्या नवऱ्याचंही मादे. त्यांना याला वेडा म्हणायचीही सोय नव्हती. दोन दिवस त्यांनी दुसरीच गणितं घेतली. तिसऱ्या दिवशी केतुत घंटा देऊन आत येतो, तोच त्यांनी दारात गाठला.

"काका, कडी दिवसातून किती वेळा वाजते?"

"आठदा."

"मग फणसाला कड्या किती?"

"एकच की. आठ कशा..." आणि गडी तिथंच थबकला. हातोडी हातात, तोंड उघडं. "म्हणजे हा क्ष एकच! दोनदा वाजलाय नुसता!"

"दोनदा वाजला आणि दहा झाले."

"पाच!" तो ओरडला आणि आनंदाच्या भरात कडीवर पाच टोले हाणून आला. पाच टोले म्हणजे शाळा सुटली. सकाळचे साडेनऊ झाले होते.

परीक्षेला जिल्ह्याहून साहेब आले. तोंडी परीक्षा. पहिल्या गणितात क्ष पाच आला, केतुतने बरोबर सांगितला. दुसऱ्यात नऊ, तोही बरोबर. साहेबांना वाटलं, याने घोकलंय. चष्मा नाकावर ओढून म्हणाले, "मघाशी क्ष पाच होता, आता नऊ झाला. हे कसं काय?"

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. घंटेची वेळ झाली म्हणून उठावं, असं केतुतच्या फार फार मनात आलं. पण पठ्ठ्या बसून राहिला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्याने जे सांगितलं, त्यावर साहेबांनी हसता हसता कागदावर सही ठोकली, आणि कडी पुढं अकरा वर्षं त्याच्याच हातात राहिली. त्याचे शब्द जसेच्या तसे सांगतो :

"साहेब, हा दुसऱ्या घरातला क्ष. एका घरात मात्र क्ष एकच असतो. आमच्या घरात दोन केतुत निघाले, पण त्यात क्षचा काही दोष नाही, तो आमच्या वडिलांचा!"