नंदीला दिलेली पुस्तकं

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाही, तुम्ही हसणारच. बरं, निदान कपबशी तरी खाली ठेवा.

मी मूळची कोल्हापूरची. ग्रंथालयाचा कोर्स संपला तेव्हा सगळ्या मैत्रिणींना कॉलेजची लायब्ररी हवी होती, आणि मला पोरांची. शाळकरी आणि नुकतं मिसरूड फुटलेल्या पोरांना वाचायची गोडी लावायची, हे खूळ डोक्यात. ऐंशीनंतरची गोष्ट. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, सावली नावाच्या गावाजवळ तशी तात्पुरती नोकरी मिळाली आणि मी ट्रंक उचलून निघाले.

पण पोरं येतील तर शपथ! दोन कपाटं भरून गोष्टींची पुस्तकं, आणि वाचायला कोण, तर मी आणि शिपाई शामरावभाऊ. शेवटी चंद्रपूरहून निरोप आला. साहेब पुढच्या आठवड्यात येतील, वाचक नसतील तर बालविभाग बंद. म्हणजे मीही परत कोल्हापुरात.

आणि पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी चमत्कार झाला. शामरावभाऊ सणाच्या रजेवर, मी एकटी, आणि दारात नवे कपडे घातलेली पोरंच पोरं. प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीला चाकांचा लाकडी बैल. आमच्याकडे असलं काही नसतं हो. मला वाटलं, खेळता खेळता आली असतील.

"बाई, आमच्या नंदीले काही द्या ना," सुमन नावाची चुणचुणीत मुलगी म्हणाली.

"इथे पुस्तकंच आहेत गं."

"चालते."

"तो वाचणार कसा?"

"मी वाचून दाखवीन त्याले."

आता मी विरघळणार नाही तर काय करणार? दिलं पुस्तक. मग पुढच्याला, मग त्याच्या मागच्याला. नावं उद्या लिहू म्हटलं, आधी गोडी तर लागू दे. बातमी फुटली. शेजारच्या गावची पोरं आली. दोन दांडगे मुलगे धाकट्या भावाचा बैल काखोटीला मारून आले. एकाने तर विटेलाच दोरी बांधून आणली होती. त्यालाही दिलं. संध्याकाळी कपाटं रिकामी आणि मी धन्य.

दुसऱ्या दिवशी शामरावभाऊंनी कपाट उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"बाई, पुस्तकं कुठी गेली?"

"वाचायला," मी ऐटीत सांगितलं.

"काल तान्हा पोळा होता जी. पोरं नंदी घेऊन घरोघरी जातेत, लोकं बोजारा देतेत. चाराणे, आठाणे, खाऊ. तुमी अख्खी लायब्ररीच बोजाऱ्यात वाटली."

"मग परत मागू की."

"नंदीले देल्लं वापस मांगते का कोणी?"

तरी मी निघाले. पहिलं घर सुमनचं. बैलापुढे पुस्तक, पुस्तकावर हळद-कुंकू. तिच्या आईने बसायला पाट दिला.

"लोकं चाराणे देतेत बाई, तुमी पोरीले पुस्तक देलं. तिचं सोताचं हे पयलंच. काऊन येणं केलं जी?"

मी घसा खाकरला. "आवडलं का, ते विचारायला." आणि पुढ्यातली करंजी खाल्ली. सगळ्या घरी हेच झालं. पुस्तक एकही मिळालं नाही, पोट मात्र बिघडलं.

साहेब आले. वरोऱ्याचे, म्हणजे इथलेच. रिकाम्या कपाटांकडे बघत राहिले. मी सगळं सांगून टाकलं. त्यांना राग आलाय की हसू, काही कळेना. तेवढ्यात सुमन एका पोराला ओढतच आत आली, मागे दहाबारा जण, काखेत पुस्तकं.

"बाई, याले सांगा. माह्यं पुस्तक यानं वाचलं, अन् आता याचं मले देऊन नाई राह्यला."

"देतो ना, थोडंसंच राह्यलं हाय."

साहेबांनी विचारलं, "कितीजण वाचून राह्यले रे?"

"सारेच जी. पारावर बदलून घेतो आमी."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? साहेब खुर्ची सोडून पोरांत जाऊन बसले ते चहा गार झाला तरी उठेनात.

निघताना म्हणाले, "बाई, विभाग चालू राहील. नवीन पुस्तकं पाठवतो. पण दरवर्षी तान्ह्या पोळ्याले तुमी रजेवर."

"अर्ज देते, साहेब."

"अर्ज नाई लागत. मी मंजूर केली समजा."

पुढे सगळी नोकरी त्याच भागात झाली. एकेका रजेसाठी चपला झिजवल्या मी. सख्ख्या भावाच्या लग्नालासुद्धा दोनच दिवस मिळाले. ही एकच रजा मला दरवर्षी न मागता मिळायची, आणि मी खरंच गेले का, हे बघायला शामरावभाऊ बस सुटेपर्यंत स्टँडवर उभे असायचे.