जांभळ्या उजेडाची ढेप

"तू नुसतं पोस्टर धर. बोलणार विराज. तुझी ती मेंढरांमागची भाषा पाहुण्यांपुढे नको."

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरांनी भरल्या वर्गात सांगितलं. पोरं खिदळली. मी गप ऱ्हायले. त्याचीच आजबी लाज वाटते.

पोस्टर मी केलेलं. काळ्या वस्तूचा उजेड, हा विषयबी माझाच. मेंढरं विकल्यापास्नं आमी विराजच्या वडलांच्या गुऱ्हाळावर. बाप चरकावर, आई चुलाणाला जाळ घालती. थंड चुलाणाचं तोंड काळंमिट्ट. बॅटरी मारली तरी उजेड गिळून बसतं. पेटलं की तेच आधी लाल, मग पिवळं. आई नुसत्या रंगावरनं आच सांगती. पुस्तकातली काळी वस्तू म्हंजी हेच, बारकं भोक असलेली पोकळ भट्टी. वाचलं तवाच मला कळलं व्हतं.

निघताना आई म्हणली, "गप उभी ऱ्हा, बाय. चुलाण त्यांचं हाय."

उभी ऱ्हायले. हात भरून आले. विराज माझीच वाक्यं घडाघडा म्हणत व्हता. पाहुण्या बाई खोडदच्या दुर्बिणीवर कामाला. त्यांनी विचारलं, जुन्या गणितानं तापल्या भट्टीतनं जांभळ्याच्या पल्याडचा उजेड बेसुमार यायला पायजे, मग येत का नाही? विराज छताकडं बघायला लागला. सरांनी मला खुणावलं, त्याच्या कानात सांग.

कानात! तिथंच माझं डोकं फिरलं. पोस्टर टेबलावर ठेवलं अन् मोठ्यानं बोलले.

"बाई, उजेड सुटा मिळत न्हाई. गुळावानी अख्ख्या ढेपेनंच मिळतो. लाल उजेडाची ढेप बारकी, जांभळ्याची लई मोठी. चुलाणाच्या आचेला ती परवडत न्हाई."

बाई म्हणाल्या, बरोबर आहे. कुणी हसलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी विराजच्या वडलांनी आईला गुऱ्हाळावरनं माघारी धाडलं. सर म्हणाले, माफी लिहून दे, मग आईचं बघू. बाप म्हणतो, लिही. जायचं कुठं? गावात गुऱ्हाळ एकच.

सरांना माफीचा कागद कोराच परत दिला. पोस्टर आता कॉलेजच्या भिंतीवर लागलंय, खाली विराजचं नाव. त्याच्या वर मी पेनानं माझं लिहिलं. माझ्या वर आईचं. ज्याला खोडायचंय त्यानं माझ्यादेखत खोडावं. मी तिथंच उभी हाय.