अर्धा पौंड

कॅनडातल्या विंडसरच्या मराठी मंडळात रविकांत सबनीसांची ओळख एका वाक्यात करून दिली जायची: "हे मासे धरतात आणि सोडून देतात." ऐकणारा हसायचा आणि मग ठरलेला प्रश्न विचारायचा, "सोडायचाच तर धरायचा कशाला?" रविकांत या प्रश्नाला कधी उत्तर देत नसे. देऊन उपयोग नव्हता. ज्याने पहाटे पाचला सेंट क्लेअर तलावावर बोट लोटलेली नाही, त्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माणूस तसा सरळ. पिंपरीच्या कारखान्यात साच्यांचं डिझाइन करायचा, तेच काम करायला नव्व्याण्णव साली विंडसरला आला. बरोबर बायको माधवी आणि नऊ वर्षांची ईशानी. घरात अंड्याच्या पलीकडे कोणी गेलेलं नव्हतं. अशा घरात गळ आला तो ईशानीमुळे. बारा वर्षांची असताना मैत्रिणीच्या वडिलांबरोबर ती धक्क्यावर गेली आणि उसना रॉड हातात घेऊन पहिल्याच दुपारी तिने सात मासे काढले. मैत्रिणीच्या वडिलांना तीनच मिळाले होते. त्यांनी रविकांतला फोन करून सांगितलं, "युअर डॉटर हॅज हँड्स."

रविकांतने मग लायब्ररीतून पुस्तकं आणली. इंजिनियर पडला! दोन वर्षांत त्याने जुनी बोट घेतली, तलावाचे नकाशे घरी भिंतीवर लावले, वारा कुठून आला की बास मासा गवताच्या कुठल्या कडेला सरकतो याचे तक्ते केले. बास म्हणजे इथल्या तलावातला लढवय्या मासा; त्याच्यासाठी उन्हाळाभर स्पर्धा चालतात. बोटीत दोघांची जोडी, दिवसभरात सगळ्यात वजनदार पाच मासे आणायचे, तेही जिवंत. बोटीतच पाण्याची टाकी असते, तिच्यात हवा सोडणारा पंप. मासा मेला तर अर्धा पौंड वजन कापतात. वजन झालं की सगळे मासे परत तलावात.

डोकं त्याचं, हात तिचा. तळाच्या वाळूवरून रबरी आमिष ओढताना दोरीला जो किंचित जडपणा येतो, तो गवताचा की माशाचा हे रविकांतला दहा वर्षांतही नीट कळलं नाही. ईशानीला ते कळायचं. "बाबा, ही इज हिअर," ती पुटपुटायची आणि रॉड वाकायचा. स्पर्धेच्या आधी दोन दिवस दोघं सरावाला जात, तेव्हा गळाचं टोक पक्कडीने आत वळवून ठेवत. मासा आमिष तोंडात धरून ओढतो, जागा कळते, आणि तो न दुखावता सुटून जातो. मुरलेल्या खेळाडूंची ही युक्ती. उद्याचे मासे आज धरून बिथरवायचे नाहीत.

चौदाव्या वर्षी तिने बाबांबरोबर पहिलं मोठं बक्षीस घेतलं. माधवी काठावर डबा घेऊन बसायची. ते तीन उन्हाळे रविकांतच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. त्या वेळी त्याला ते कळलं नाही, हे ओघाने आलंच.

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आदल्या शनिवारी, बेल रिव्हरच्या बंदरावर स्पर्धा होती. ईशानी सोळा वर्षांची. त्या दिवशी तिने एकटीने चार मासे काढले. दुपारी जागा बदलताना टाकीचा पंप बंद केला होता. तो पुन्हा चालू करायचं काम तिचं, आणि ती विसरली. तासाभराने झाकण उघडलं तर सगळ्यात मोठा मासा उताणा. वजनात अर्धा पौंड कापला गेला, आणि पहिला नंबर तीन दशांश पौंडांनी हुकला. दुसरा आला.

आता दुसरा नंबर म्हणजे काही कमी नव्हे. पण आपल्याकडे अठ्ठ्याण्णव मार्क घेऊन आलेल्या पोराला उरलेले दोन कुठे गेले हे विचारायची रीत आहे, आणि रविकांत त्या रीतीतच वाढला होता. घरी येईपर्यंत त्याने बोटांवर चार वेळा हिशेब करून दाखवला. ईशानी खिडकीबाहेर बघत होती. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं.

पुढच्या शनिवारी मंडळाचा गणपती. आरती झाली, मोदक झाले, पुरुष मंडळी कोंडाळं करून बसली. रविकांतला सांगायला किस्सा होता. त्याने तो रंगवून सांगितला: मासा कसा उताणा पडला, ईशूचं तोंड कसं झालं, आणि हातात आलेला पहिला नंबर अर्ध्या पौंडाने कसा बुडाला. नंदन गोखल्यांनी तर पोट धरलं. ईशानी पलीकडे ताटं मांडत होती. नंदनकाकांनी हाक मारली, "काय गं ईशानी, अर्धा पौंड सापडला का?" सगळे हसले. तीही हसली.

ते नाव चिकटलं. दिवाळीला, संक्रांतीला, तिच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीलाही कोणीतरी म्हणायचंच, "आली बघा आमची अर्धा पौंड!" त्यात कोणाच्या मनात विष नव्हतं. लाडानेच म्हणत, त्यामुळे कोणाला गप्प बसवायचं हा प्रश्नच आला नाही. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये रविकांतने बोट बाहेर काढली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आय हॅव शिफ्ट्स." कॉफीच्या दुकानात तिने उन्हाळाभर काम घेतलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही घेतलं. माधवी एकदाच म्हणाली, "तुला कळतंय ना काय झालंय ते?" तो म्हणाला, "टीनेजर आहे, होतं असं." कळत होतं त्याला. कबूल करवत नव्हतं.

दोन हजार आठला माधवीला टोरांटोच्या बाजूला चांगली नोकरी लागली, ईशानीला तिथल्याच युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, आणि दोघींनी एटोबिकोला लहानसा काँडो घेतला. रविकांतचा कारखाना विंडसरला. भांडण नाही, घटस्फोट नाही. मधे नुसते पावणेचारशे किलोमीटर. आधी तो दर शुक्रवारी जायचा, मग महिन्यातून एकदा, मग बर्फासाठीचे विंटर टायर लावायचे राहिले म्हणून दोन महिने गेलाच नाही. घरी येऊन एकटा वरणभात लावायचा. बोलायला कोणी नसलं की माणूस कुकरशी बोलतो, तसा तो बोलायला लागला होता. आणि ते त्याला स्वतःला ऐकू यायचं, हे जास्त वाईट.

स्पर्धेला दोन माणसं लागतात. तीन मोसम गॉर्ड नावाचा निवृत्त वेल्डर त्याचा जोडीदार होता. गॉर्ड दिवसभरात चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन हवामानाची. अकरा सालच्या उन्हाळ्यात गॉर्डचे गुडघे गेले. सप्टेंबरची स्पर्धा तोंडावर आलेली. फॉर्मवर दुसरं नाव हवं होतं. रविकांतने तीन दिवस फोन उचलला आणि ठेवला. चौथ्या दिवशी लावला.

"ईशू, एक काम होतं. सतरा तारखेला टूर्नामेंट आहे. गॉर्डला जमत नाहीये. रूल आहे, दोन माणसं लागतात."

"सो यू नीड अ बॉडी," ती म्हणाली.

"तसं नाही गं. म्हणजे... हो, रूल आहे."

तुझ्याशिवाय करमत नाही, हे तीन शब्द होते. ते त्याच्या तोंडून निघाले नाहीत. मग ती म्हणाली, "ओके, बाबा. येते."

तो आनंदाने वेडा व्हायचाच बाकी होता. बुधवार-गुरुवार रजा काढून, गळाची टोकं वळवून, त्याने एकट्याने सराव केला. सतरा फूट खोल पाण्यात गवताच्या कडेला मासे जमलेले त्याला सापडले. पण खरी तयारी वेगळीच चालली होती. आपण एक शब्द बोलायचा नाही. मासा सुटो, मरो, बोट बुडो, बोलायचं नाही. आरशासमोर त्याने तोंड मिटून बघितलं. बावन्न वर्षांचा बाप्या, पण बघितलं खरं. ती पुन्हा बोटीत यायला लागावी, एवढंच त्याला हवं होतं. नंबर गेला खड्ड्यात.

सतरा तारखेला पहाटे तलावावर धुकं होतं. ईशानीने जुनं जॅकेट घातलं होतं, बाह्या तोकड्या झालेल्या. त्याने सरावात सापडलेल्या जागेवर बोट सोडली, आणि वाऱ्याने ती हळूहळू सरकायला लागली. पाच मिनिटांत ईशानी पुटपुटली, "ही इज हिअर." रॉड वाकला. पाच वर्षांत तिने रॉड धरला नव्हता आणि हात तसाच होता.

दहापर्यंत पाच मासे झाले. तो चहा ओतून देत होता, ती हसून घेत होती. कॉलेजचं, आईच्या ऑफिसचं, एटोबिकोच्या शेजारणीचं बोलणं झालं. मधूनमधून ती उठून टाकीचं झाकण उघडायची, पाण्यात हात घालून पंप चालतोय ना ते बघायची. चांगली काळजी घेतेय, असं त्याला वाटलं. मग पुन्हा उठली. मग पुन्हा. सातव्या वेळी त्याने तिचा चेहरा बघितला आणि त्याच्या हातातला कप तसाच राहिला. मुलगी माशांकडे बघतच नव्हती. चूक झाली आहे का, ते शोधत होती.

दीडच्या सुमाराला तिला मोठा मासा लागला. पाण्यातून वर उसळला तेव्हा दोघांनीही बघितला, साडेचार पौंडाला कमी नाही. रविकांत जाळी घेऊन वाकला. जाळीपासून हातभर अंतरावर माशाने डोकं झटकलं, आणि दोरी सैल पडली. गेला.

रविकांतने जाळी खाली ठेवली. तोंड मिटलेलं होतं. मग जमेल तितक्या सहज आवाजात म्हणाला, "चहा घेतेस अजून?"

ती दोरी गुंडाळत होती. "साडेचारचा होता," ती म्हणाली. "आपला सगळ्यात छोटा अडीचचा. म्हणजे दोन पौंड गेले. मी रॉड वर उचलला. खाली ठेवायला हवा होता. माझ्यामुळे गेला."

"अगं, जाऊ दे ना! मी काही म्हटलं का?"

"नाही," ती म्हणाली. "यू डिडन्ट."

तिने बोटांवर मोजलं होतं. अंगठा एकेका पेरावर ठेवत, थेट त्याच्यासारखं.

वजनाला पाचही मासे जिवंत निघाले. अठरा पौंडाला थोडं कमी, चौथा नंबर. निवेदकाने माईकवरून दोघांची नावं कशीबशी उच्चारली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ईशानी फळ्यावरचे आकडे वाचत उभी होती. दोन पौंड जास्त असते तर कितवे आलो असतो, हे ती बघते आहे, आणि तिला ते बघू नकोस असं सांगायचाही आपल्याला हक्क उरलेला नाही, हे रविकांतला कळलं. त्याला रडू आलं. त्याने गॉगल लावला.

संध्याकाळच्या गाडीला तो तिला स्टेशनवर सोडायला गेला. प्लॅटफॉर्मवर वीसेक माणसं होती. गप्प राहायचं व्रत होतं, तरी त्याला राहवेना. "पुढच्या वर्षीचे फॉर्म मार्चमध्ये येतात," तो म्हणाला.

"बाबा, नेक्स्ट यिअर नको."

"मी आज एक शब्द बोललो नाही, ईशू."

"आय नो. यू वेअर रिअली गुड." तिने त्याचा दंड धरला. "तू नाही, मीच मोजत होते. दिवसभर. बोटीत पाय ठेवला की सुरू होतं. बाकी कुठेच होत नाही, एक्झाममध्ये पण नाही. मला वाटलं होतं, गेलं असेल आता. म्हणून आले बघायला."

दूरवर गाडीचा दिवा दिसला. पाच वर्षं जे जमलं नव्हतं ते तो घाईघाईत बोलून गेला. "माझं चुकलं गं. गणपतीत सगळ्यांसमोर ते तसं सांगायला नको होतं. नंतर लोक चिडवायचे तेव्हा थांबवायला हवं होतं. मी बाप होतो."

ईशानीने त्याला मिठी मारली. घट्ट, लहानपणी मारायची तशी. "आय फरगेव्ह यू लाँग अगो, बाबा," ती त्याच्या खांद्याशी म्हणाली. "खरंच. मी रागावलेली नाहीये."

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय?"

"मग ये ना पुढच्या वर्षी."

ती मागे झाली, डोळे पुसले आणि मान हलवली. नाही. "ख्रिसमसला तू ये ना आमच्याकडे," ती म्हणाली. "आईला पण बरं वाटेल." गाडी येऊन थांबली, ती चढली, खिडकीतून हात हलवला. त्यानेही हलवला, गाडी वळेपर्यंत.

आपण माफी मागितली की ती परत येईल, अशी त्याची समजूत होती. म्हणून तर ती माफी त्याने इतकी वर्षं शिलकीत ठेवली होती, अगदी शेवटचा उपाय म्हणून. आज ती मागून झाली. मिळालीही, आणि वर तिने सांगितलं की ती केव्हाच दिलेली होती. आता मागायला काही राहिलं नव्हतं. प्लॅटफॉर्म रिकामा झाल्यावर तो पार्किंगकडे निघाला. बोट अजून धुवायची होती.