बाळंतिणीच्या खोलीतला वॉलपेपर

लेक दवाखान्यात बाळंत झाली. नातू झाला. आमच्या हिंगोलीतल्या गल्लीत पेढे वाटून झाले आणि मी घरी येऊन मागच्या खोलीत शेगडी पेटवून पाहिली. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे शेक-शेगडी आलीच. बाजेखाली निखारे, ओव्याची धुरी, दारं-खिडक्या बंद. खोली तापली तसा भिंतीतून कुबट वास सुटला. वास वॉलपेपरचा होता. कागद भिंतीपासून सुटून फुगला होता आणि त्याचं एक टोक शेगडीकडे लोंबत होतं.

हा वॉलपेपर आमच्या यांची करणी. त्या भिंतीला न्हाणीघराची ओल आहे. चुना मारा नाहीतर पुट्टी भरा, पोपडे यायचे ते येतातच. लेकीला पाहायला पाहुणे येणार होते तेव्हा "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणत यांनी गुलाबी फुलांचा कागद आणून चिकटवला. पाहुण्यांनी चहा घेतला, फुलांचं कौतुक केलं, सोयरीक जमली. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाहुणे येणार म्हटल्यावर झाकपाक कोण करत नाही? घरोघरी मातीच्या चुली.

पण आता त्याच खोलीत माझं लेकरू आणि लेकराचं लेकरू सव्वा महिना राहणार होतं. विहीणबाई दवाखान्यातच म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडं सोय नसंल तर तसं सांगा. आमी घरी घेऊन जातो." बोलणं साधं होतं, पण मला बोचलं. पहिलटकरीण दवाखान्यातून सरळ सासरी गेली तर मी तोंड कुठे दाखवू? आणि लोकांचं सोडा, मलाच ती हवी होती. लग्न झाल्यापासून नरसीच्या पुढच्या सासरच्या खेड्यातून ती एखाद-दोन दिवसांच्या वर कधी आलीच नव्हती.

कागद काढायला घेतला. ओढला की नखाएवढा हातात येई. हे म्हणाले, "गरम पाणी मार, गोंद सुटंल." इथंच दोघांची अक्कल शेण खायला गेली. आधीच ओली भिंत आणि आम्ही तिच्यावर तांब्याने पाणी मारत होतो! कागद सुटला, पण एकटा नाही. पुट्टी आणि गिलाव्याचे पोपडे सोबत घेऊन. राहिलेला मी उलथण्याने खरवडला. मागे काळी बुरशी. मी पदर नाकाला लावला. ही बुरशी बाळाच्या नाकात जाईल, त्याला सर्दी होईल, सर्दीचा न्यूमोनिया होईल. हातापेक्षा मनच जास्त पळत होतं.

भिंत नागडी झाली, पण वाळेना. पंखा लावला, शेगडी धगधगत ठेवली. भाजी चिरता चिरता उठायचे आणि भिंतीला हात लावून यायचे. गारच. "सव्वा लाखाची मूठ! बघा आता," मी यांच्यावर खेकसले. "अगं, वाळंल," हे म्हणाले, आणि मी वळल्यावर स्वतःच जाऊन हात लावून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप दारात आली. बाळाला घेऊन विहीणबाई उतरल्या, मागून टाके सांभाळत लेक. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. विहीणबाई थेट मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला.

"ही ओल आधीपासून हाय का?"

मी यांच्याकडे पाहिलं. हेच म्हणाले, "व्हय. तुमी पाहायला आलतात तवा वरून कागद लावलता."

विहीणबाईंनी भिंतीवरचा तळवा काढला. आता गाडी वळवायला सांगतात, असं मला वाटलं. आणि त्या एकदम हसायलाच लागल्या.

"आता तुमाला काय सांगू! तुमी आमचं घर पाहायला आलतात तवा बोअर आटलेला होता. शेजाऱ्याच्या मोटारीचं पाणी नळीनं आमच्या हौदात सोडलतं. तुमीच म्हणलात, पाण्याची बरकत हाय."

हे खो खो हसले. मीही हसले, जीव भांड्यात पडला. विहीणबाईंनी स्वतःच बाज पुढच्या खोलीत टाकायला लावली.

लेक बाजेवर टेकली. ती हसत नव्हती.

"मग आता तरी बोअरला पाणी हाय ना?" मी विचारलं.

विहीणबाई बाळाचं दुपटं सारखं करायला लागल्या.

"कुठलं, माय," लेक म्हणाली. "हापशावरून आणावं लागतं. तो बी गावाच्या पार त्या टोकाला."

"कोण आणतं?"

"मीच आणते. आठवा लागला तवा सोडलं."

लग्नापासून रोज फोनवर मी तिला विचारायचे, बरी हायस का, आणि ती म्हणायची, बरी हाय. मी तिचा हात हातात घेतला. बोटांच्या मुळाशी घट्टे होते.

"विहीणबाई," मी म्हणाले, "सव्वा महिन्याचं सोडा. तुमच्या बोअरला पाणी लागंपर्यंत लेक इथंच राहील."